येणे बाकी

बिलावर तारीख नऊ जुलै पंचेचाळीस.
छापखाना भरमाण्णा काकतीकर, शहापूर, सांगली संस्थान.
ऋणको पोलंडचे सरकार, मुक्काम लंडन,
मार्फत वळिवडे छावणी, कोल्हापूर.
रुपये दोनशे बारा, आणे सहा.

जन्माचे दाखले पाचशे. शाळेचे तीनशे.
मृत्यूचे दोनशे, जादा लागल्यास कळवू.

ज्या सरकारकडे गुंठाभर जमीन उरली नव्हती
ते पंचगंगेकाठी पोरांच्या जन्माची नोंद करत होतं,
आणि त्याचा कागद जायचा शहापुरातून,
मिरजेच्या गाडीनं, गोणपाटात.

त्यांच्या लिपीत एक एल होता
पोटातून तिरकी रेघ गेलेला.
असला खिळा बेळगावात कुठला?
भरमाण्णानं शिशात उलटा कोरला, चाळीस वेळा,
भिंगाखाली, न कळणाऱ्या भाषेत, एकही चूक न करता.

अडचण एवढीच, की बिल टपालात पडायच्या चार दिवस आधी
लंडनमध्ये मान्यता काढून घेतली होती.
माणसं तीच, टेबलं तीच, शिक्का तोच.
यजमान फक्त म्हणाला,
आता आम्ही तुम्हाला ओळखत नाही.

बिल परत आलं.

माझे सीनियर हलगेकर सांगायचे,
सरकार घर बदलतं, राज्य मरत नाही.
कर्ज कुणीही काढो, ते राज्याच्या नावे राहतं.
आणि राज्य कुठं राहतं, असं विचारलं
की ते तपकिरीची डबी शोधायला लागायचे.

ती फाइल आता माझ्याकडे आहे.
चाळता चाळता लक्षात आलं,
भरमाण्णा तर जागचा हललाच नव्हता.
त्याचं मशीन फरशीला बोल्टनं आवळलेलं.
सांगली संस्थान गेलं, मुंबई राज्य आलं,
ते गेलं, म्हैसूर आलं, त्याचं कर्नाटक झालं,
गावाच्या नावाची अक्षरं बदलली.
ऋणको देश सोडून बसला होता;
धनकोच्या अंगावरून राज्यं निघून गेली
आणि तो खिळे लावत राहिला.

परवा त्याचा नातू आला, रवळू.
फ्लेक्स छापतो. वर कन्नड, खाली मराठी, मापात.
हुबळीचा एक तिकिटं जमवणारा
त्या बिलाचे आठ हजार देतोय म्हणे.
म्हटलं, दे की मग.
तर म्हणाला,
"किंमत नको ओ मला. पैसे बुडाले म्हणा की,
खरं कुणी बुडवले तेवढं लिहून द्या."

आमच्याकडे 'पण'ला 'खरं' म्हणतात.
कोर्टात याचा फार घोळ होतो.

मी दोन रात्री बसलो.
लंडनातल्या त्या मंडळींनी पुढं पंचेचाळीस वर्षं
कुणी मानत नसताना बैठका घेतल्या, इतिवृत्तं लिहिली,
आणि एके दिवशी शिक्के बांधून नेले,
निवडून आलेल्याच्या हातात दिले.
म्हणजे धागा तुटला नाही, असं म्हणता येईल.
म्हणता येईल, एवढंच लिहिलं.
खाली लिहिलं, दावा मुदतबाह्य.
बुडवणारा कोण, त्या रकान्यात
पेन बराच वेळ टेकवून ठेवलं. तिथं शाईचा ठिपका आहे.

रवळूनं फी म्हणून एक खिळा ठेवला. तोच एल.
टेबलावरच्या कागदावर दाबला, शाईशिवाय,
नुसता खळगा उठला.

कुठंतरी एक म्हातारी असेल,
वळिवड्याला जन्मलेली, ऐंशी पार केलेली.
तू कुठल्या सरकारात जन्मलीस, असं कुणी विचारलं
तर ती घडी घातलेला दाखला काढत असेल,
आणि त्याच्या मथळ्यातला तो एल
थोडा डावीकडं कललेला असेल,
शहापुरातल्या एका उजव्या हातामुळं.